शिंपल्याचं बालपण माशाच्या कल्ल्यात

(मालेगाव, जि. वाशिम येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा करतो. मालेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला नाशिककडचं, यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. हे ते नव्हे. हे वाशिम जिल्ह्यातलं, जुन्या कागदांत ज्याला मालेगाव जहांगीर म्हणतात ते. अकोल्याहून निघालं की पातूर लागतं, मग चढ, मग मेडशी, आणि मग हे गाव. वऱ्हाडच्या जुन्या भाषेत बोलायचं तर पायनघाट सोडून आपण बालाघाटावर आलो. हा चढ लक्षात असू द्या. आजच्या विषयात तो पुन्हा येणार आहे.

विषय आहे गोड्या पाण्यातले शिंपले आणि त्यांना अंगावर वाढवणारे मासे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा इथे काय संबंध, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. संबंध आहे तो एका जुन्या प्रश्नामुळे. समोर जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आपल्याला काय म्हणता येतं, आणि काय म्हणता येत नाही? नदीत शिंपले दिसले की आपण म्हणतो, नदी अजून बरी आहे. हे म्हणणं बरोबर आहे का? माझं उत्तर असं की तेवढ्यावरून बरोबर नाही. का नाही, हे कळायला शिंपल्याचा जन्म समजून घ्यावा लागतो. तेव्हा आधी जन्म पाहू, मग नदीकडे येऊ.

घरातला शिंपला, नदीतला शिंपला

शिंपला आपल्याला परका नाही. दुधाच्या पातेल्याची खरवड शिंपल्यानं काढायची, तान्ह्या बाळाला शिंपल्यानं थेंब थेंब दूध पाजायचं, मधोमध घासून भोक पाडलेल्या शिंपल्यानं कैरी सोलायची, हे इथल्या वयस्कर मंडळींनी पाहिलेलं आहे. पण हा झाला मेलेल्या शिंपल्याचा उपयोग. जिवंत शिंपला आपण फारसा पाहत नाही, कारण तो रेतीत नाहीतर गाळात अर्धा रुतून बसलेला असतो.

आपल्या नद्या-तलावांत दिसणाऱ्यांपैकी दोन गट मुख्य आहेत. एक लांबट, पातळसर कवचाचा आणि आकारानं मोठा, तळहाताएवढाही होतो. शास्त्रज्ञ त्याला लॅमेलिडेन्स म्हणतात. दुसरा लहान, गोलसर आणि जाड कवचाचा, तो पॅरेसिया. कवच उघडून पाहिलं तर आतून मोत्यासारखी चमक दोघांनाही असते.

हा प्राणी डोकं नसलेला आहे. एका बाजूनं पाणी आत घेतो, कल्ल्यांच्या जाळीतून गाळतो, त्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण खातो आणि दुसऱ्या बाजूनं पाणी बाहेर सोडतो. मोठा शिंपला दिवसभरात बादली-दोन बादल्या पाणी असं गाळू शकतो. शंभर शिंपल्यांचा डोह म्हणजे शंभर गाळण्या, वीज नाही, बिल नाही.

पण त्याला चालता येत नाही म्हटलं तरी चालेल. मांसल पाय बाहेर काढून तो थोडं सरकतो, कधी काही हात, फार तर काही वाव. प्रवाहाच्या उलट कोसभर जाणं त्याच्या शक्तीबाहेरचं आहे. इथेच पहिला प्रश्न उभा राहतो. नदीचं पाणी सतत खाली वाहतं. ज्याला वर चालता येत नाही, त्याची पिल्लंसुद्धा पाण्याबरोबर खालीच जाणार. मग हजारो वर्षांत सगळे शिंपले समुद्राकडे वाहून कसे गेले नाहीत? उगमाकडच्या ओढ्यात शिंपला आला कुठून?

यजमानाच्या घरी

नर शिंपला पाण्यात बीज सोडतो. मादी पाणी आत ओढते तेव्हा ते तिच्या आत जातं. अंडी तिच्या कल्ल्यांच्या घड्यांमध्येच फळतात आणि तिथेच वाढतात. म्हणजे ज्या कल्ल्यांनी ती श्वास घेते, अन्न गाळते, तेच तिचं गर्भाशय होतं. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अंड्यांतून जे बाहेर येतं त्याला शास्त्रीय मराठीत डिंभ म्हणतात, आपण साधेपणानं अळी म्हणू. शिंपल्याच्या या अळीचं नाव ग्लोकिडियम. ग्रीक भाषेत ग्लोकिस म्हणजे बाणाचं टोक.

ही अळी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी, काही जातींत त्याहूनही लहान. दोन इवल्या कवचांची एक पेटी, ती मिटायला एक स्नायू आणि स्पर्श ओळखणारे काही केस, एवढाच तिचा संसार. काही जातींत कवचाच्या कडेला आकडे असतात. तिला पोहता येत नाही, अन्न शोधता येत नाही. एका मादीकडून अशा हजारो, काही जातींत लाखो अळ्या पाण्यात येतात. बहुतेक जातींच्या अळ्यांपाशी हातात असतात काही तास, फार तर काही दिवस. त्या मुदतीत मासा भेटला तर जन्म पुढे चालतो, नाही भेटला तर तिथेच संपतो.

मासा जवळून गेला, अळीला स्पर्श झाला, की पेटी खटकन मिटते. आकडेवाल्या अळ्या बहुधा माशाच्या परांवर किंवा कातडीवर चिकटतात, बिनआकड्याच्या कल्ल्यांवर. काही तासांत माशाची कातडी त्या जागेवर वाढते आणि अळीभोवती एक पुटी तयार होते. आपल्याला काटा रुतला की त्यावर कातडी धरते, तसंच. या पुटीत अळी जातीनुसार आणि पाण्याच्या उष्णतेनुसार काही दिवस ते काही आठवडे, थंड प्रदेशात काही महिनेही राहते. बऱ्याच जातींत या काळात तिचा आकार फारसा वाढत नाही, पण आतून ती पूर्ण बदलते. एका स्नायूच्या जागी दोन होतात, पाय फुटतो, कल्ले येऊ लागतात. मग ती पुटी फोडून गळून पडते. पडली ती जागा रेतीची, ओलाव्याची, ऑक्सिजनची असेल तर वाचते. नंतरची काही वर्षं ती रेतीच्या आतच काढते.

आता उगमाकडच्या ओढ्यात शिंपला कसा आला ते कळलं. तो माशावर बसून आला. मृगाचा पाऊस झाला की आपल्याकडे मासे प्रवाहाच्या उलट चढतात. चढणीचे मासे म्हणतो ना आपण, ते. ज्याला चालता येत नाही त्यानं चालणाऱ्याची पाठ धरली.

आणि तो चढ आठवा. या पठारावर एका अंगाला पडलेलं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला जातं. दुसऱ्या अंगाला पडलेलं पैनगंगेला, वर्धेला, प्राणहितेला, गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. दोन शेतांच्या मधल्या बांधावर उभं राहिलं तरी पावसाच्या थेंबाची अशी फाटाफूट होऊ शकते. मासा हा बांध ओलांडत नाही, म्हणून शिंपलाही ओलांडत नाही. जुन्या काळी कोणत्या नद्या एकमेकींना जोडलेल्या होत्या हे शोधताना अभ्यासक शिंपल्यांच्या जातींकडे बघतात ते याच कारणानं.

लेकरालाच बांडगूळ समजले

ही गोष्ट माणसाला कळायला पावणेदोनशे वर्षं लागली, आणि ती कशी कळली ते फार बोधक आहे.

१६९५ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली शिंपल्याच्या आतल्या या अळ्या पाहिल्या आणि ती शिंपल्याची पिल्लं आहेत असंच मानलं. पण पुढे १७९७ मध्ये राथके नावाच्या अभ्यासकानं त्याच अळ्या पाहून वेगळा निष्कर्ष काढला. कल्ल्यांत दाटीनं बसलेले हे प्राणी आईसारखे मुळीच दिसत नाहीत, म्हणजे हे शिंपल्यावर जगणारे परजीवी असले पाहिजेत. त्यानं त्यांना नावच दिलं ग्लोकिडियम पॅरासिटिकम, परजीवी ग्लोकिडियम. आईच्या कुशीतल्या लेकरांना बांडगूळ ठरवलं गेलं. १८३२ मध्ये कारुस यांनी ती शिंपल्याचीच पिल्लं आहेत हे दाखवून दिलं. पण ती मोठी कुठे होतात? ते १८६६ मध्ये लायडिग यांना माशाच्या परांवर सापडलं.

गंमत बघा. राथके म्हणाला परजीवी, आणि ती परजीवी निघालीच. फक्त ज्याची म्हणाला त्याची नव्हे. शब्द बरोबर, संबंध चुकलेला. एखादी वस्तू काय आहे हे ती कुठे सापडली एवढ्यावरून ठरत नाही. तिचं आयुष्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं लागतं.

माशाला यातून त्रास होतो का? थोड्या अळ्यांनी सहसा फारसा नाही. कल्ल्यांवर फार दाटी झाली तर श्वासाला अडचण होते, लहान मासा मरूही शकतो. पण मासाही काही मुकाट सोसत नाही. नको असलेली अळी त्याचं शरीर झिडकारून टाकतं. म्हणून प्रत्येक शिंपल्याला कोणताही मासा चालत नाही. काहींना पुष्कळ जातींचे मासे चालतात, काहींना एक-दोनच. शिवाय एकदा-दोनदा अळ्या बसून गेल्या की मासा निबर होतो, पुढच्या अळ्यांना जागा देत नाही. त्यामुळे शिंपल्याला नुसते मासे असून भागत नाही, दरवर्षी नवे, कोवळे मासे लागतात. म्हणजे माशांचीही वीण चालू असावी लागते.

उत्तर अमेरिकेतल्या काही शिंपल्यांनी तर मासा बोलवायची युक्ती काढली आहे. मादीच्या अंगाची कड अशी वाढते की हुबेहूब छोटा मासा वाटावा. डोळ्यासारखा ठिपका, शेपटीसारखी हालचाल. मोठा मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि तोंडभर अळ्या घेऊन परततो. उलट बाजूचीही गोष्ट आहे. युरोप आणि पूर्व आशियात बिटरलिंग नावाचे छोटे मासे आहेत, ते आपली अंडी शिंपल्याच्या आत घालतात. त्यांची पिल्लं शिंपल्याच्या कल्ल्यांत वाढतात. तिथे शिंपला यजमान आणि मासा पाहुणा.

धूर आणि अग्नी

आता माझ्या विषयाकडे येतो. आपल्या न्यायशास्त्रात एक शब्द आहे, अविनाभाव. एकाशिवाय दुसरं नसणं. धूर अग्नीशिवाय नसतो, म्हणून डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करता येतं. पण उलट चालत नाही. अग्नी धुराशिवाय असू शकतो. लोहाराच्या भट्टीतला लाल तापलेला लोखंडाचा गोळा, हे त्याचं जुनं उदाहरण. तिथे अग्नी आहे, धूर नाही.

शिंपला आणि मासा यांचा संबंध असाच एकेरी आहे. मासा शिंपल्याशिवाय जगेल. शिंपल्याची पुढची पिढी माशाशिवाय होणार नाही. म्हणून लहान शिंपला दिसला तर निश्चित सांगता येतं की त्याचा यजमान मासा इथे येऊन गेला आहे. लहान शिंपला हा धूर, मासा हा अग्नी.

पण मोठा शिंपला? इथे सावध व्हायला हवं. शिंपले दीर्घायुषी असतात. युरोपातल्या थंड नद्यांत मोत्याचा शिंपला म्हणून एक जात आहे, ती शंभर वर्षांहून अधिक जगते. तिच्या अळ्यांना फक्त सॅमन आणि ट्राउट हे मासे चालतात. तिथल्या कित्येक नद्यांत आज शिंपले आहेत, पण सगळे म्हातारे. एकही लहान नाही. नदीकाठच्या माणसाला वाटतं, शिंपले आहेतच की. पण ती वस्ती संपलेली आहे, फक्त शेवटचा म्हातारा अजून मेलेला नाही. आपल्याकडेही अशी गावं आहेत. घरं आहेत, चुली पेटतात, पण शाळेत एक मूल नाही.

मोठा शिंपला मासा होता एवढं सांगतो. मासा आहे असं सांगत नाही.

मिसिसिपीवरचा धरणाचा धडा

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा अमेरिकेत मिळाला. मिसिसिपीच्या काठी आयोवा राज्यात मस्कटीन नावाचं गाव आहे. जॉन बेपल या जर्मन कारागिरानं १८९१ मध्ये तिथे शिंपल्यांपासून शर्टाची बटणं करायला सुरुवात केली. १९०५ च्या सुमारास त्या एका गावात वर्षाला दीड अब्ज बटणं तयार होत होती. साहजिकच शिंपले संपू लागले. सरकारनं फेअरपोर्ट इथे खास संशोधन केंद्र काढलं. लेफेव्हर आणि कर्टिस या दोन प्राध्यापकांनी माशांवर मुद्दाम अळ्या बसवून शिंपले वाढवण्याचे प्रयोग केले आणि १९१२ मध्ये आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर अळ्या बसवलेले मासे नदीत सोडण्याचा मोठा उद्योग चालला.

पण १९१३ मध्ये याच नदीवर किओकक इथे मोठं धरण पूर्ण झालं. बटणांसाठी उत्तम मानल्या जाणाऱ्या एबनी शेल या शिंपल्याचा यजमान होता स्किपजॅक हेरिंग नावाचा, नदीतून लांब वर चढणारा मासा. धरणानं त्याची वाट बंद झाली. वरच्या भागातले शिंपले त्या दिवशी मेले नाहीत. ते पुढे कित्येक वर्षं जगले, पाणी गाळत राहिले, मादी अळ्याही सोडत असेल. पण यजमान येत नव्हता. हळूहळू म्हातारे संपले आणि वरच्या नदीतून ती जात जवळजवळ नाहीशी झाली. शिंपल्याला कुणी हात न लावता शिंपला गेला.

भरलेली नदी काय सांगते

न्यायसूत्रांत आणि त्यावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात अनुमानाचं एक उदाहरण नदीचंच आहे. नदीला पूर आलेला दिसला की वर पाऊस झाला असं अनुमान करावं. त्यावर आक्षेप घेणारा म्हणतो, हे खरं नाही, कारण कुणी पुढे बांध घातला तरीही नदी भरलेली दिसेल. यावरचं उत्तर मला फार आवडतं. नुसतं भरलेपण हा पावसाचा पुरावा नाहीच. पाण्याला ओढ हवी, फेस हवा, वाहून आलेली पानं आणि लाकडं हवीत. अशा भरलेपणावरून पावसाचं अनुमान होतं, तुंबलेल्या पाण्यावरून नाही.

मंडळी, हे उदाहरण आज आपल्या जिल्ह्यासाठी लिहिल्यासारखं वाटतं. आपल्या जिल्ह्यात पैनगंगेवर एकामागे एक ११ बॅरेजेस बांधले गेले. ओढ्या-नाल्यांवर कोल्हापुरी बंधारे आहेत. ते का झाले हे तुम्हाला मी सांगायला नको. सोयाबीननंतर हरभऱ्याला, गव्हाला पाणी हवं आणि ते मिळायलाच हवं. मी बंधाऱ्यांच्या विरोधात बोलत नाही. मी एवढंच म्हणतो की उन्हाळ्यात भरलेली नदी पाहून ती जिवंत आहे असं अनुमान करू नका. आणि त्या पाण्यात मोठे शिंपले दिसले म्हणूनही करू नका. पुरावा वेगळा शोधावा लागतो. तो म्हणजे लहान शिंपला.

बंधाऱ्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, पाणी थांबतं, गाळ बसतो, रेतीतल्या बारीक फटी बुजतात आणि रेतीत लपून वाढणारं पिल्लू गुदमरतं. तुंबलेल्या पाण्यात राहू शकणाऱ्या जाती टिकतात, वाहतं पाणी लागणाऱ्या मागे पडतात. दोन, माशाची वाट अडते. पावसाळ्यात दरवाजे पूर्ण उघडले, तळाचा उंबरठा उंच नसला, तर मासा चढतो. नाहीतर खालीच राहतो.

यात आणखी भर पडते. रेती उपसली की शिंपल्याचं घरच ट्रॅक्टरवर चढतं. वैशाखात शेवटच्या डोहात मोटार लावून डोह कोरडा केला की मासा आणि शिंपला दोघांचाही शेवटचा आसरा जातो. जिलेटिनच्या कांड्या टाकून मासे मारले की कोवळे मासे आधी जातात, आणि शिंपल्याला तेच तर लागतात. मरळ, वाम, शिंगाडा अशा नदीतल्या जुन्या माशांच्या जागी चिलापी माजली तर मासे आहेत असं दिसतं, पण ते त्या शिंपल्याला चालणारे यजमान असतीलच असं नाही. पुन्हा तोच मुद्दा. मासे दिसतात, एवढ्यावरून भागत नाही.

हे फक्त आपलं दुखणं नाही. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश धोक्यात किंवा नामशेष मानल्या जातात. ज्याला दोन घरं लागतात, त्याचं एक घर मोडलं तरी तो बेघर होतो.

मग पाहायचं कसं

इथे आणखी एक जुना विचार उपयोगी पडतो. एखादी वस्तू दिसली नाही म्हणजे ती नाही, असं केव्हा म्हणता येतं? ती असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून घागर नाही असं म्हणता येत नाही. दिवा लावून पाहिलं आणि दिसली नाही, मग म्हणता येतं.

लहान शिंपले रेतीच्या आत असतात. काठावर उभं राहून ते दिसणार नाहीत. तेव्हा दिवा लावून पाहायचं, म्हणजे रेती चाळून पाहायची. उन्हाळ्यात पाणी कमी असताना, डोहाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात, बांधकामाची बारीक चाळणी घेऊन, ठरावीक जागेतली चार-पाच घमेली रेती चाळायची. सापडलेले शिंपले लांबीनुसार तीन ढिगांत ठेवायचे: बोटाच्या पेरापेक्षा लहान, बोटाएवढे, आणि त्याहून मोठे. मोजायचे, वहीत लिहायचे, आणि लगेच त्याच जागी परत सोडायचे. तिन्ही ढीग भरले तर नदीत वीण चालू आहे. पण पॅरेसियासारखी जात मुळातच लहान राहते, म्हणून दोन गट एकत्र मिसळू नका. मोठ्यांचाच ढीग असेल, आणि दोन-तीन वर्षं दोन-चार ठिकाणी तसाच असेल, तर काळजी करायची वेळ आली.

हे काम शाळेच्या नववी-दहावीच्या मुलांना करता येईल. सोबत भोई समाजातला एखादा जाणता माणूस हवाच. कोणत्या डोहात कोणता मासा कधी येतो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही. आपल्या नद्यांत कोणत्या शिंपल्याला कोणता मासा चालतो, याची पूर्ण यादी करण्याचं पुष्कळ काम बाकी आहे. ते अशा नोंदींवरूनच पुढे जाईल.

आता तुमचे प्रश्न घेतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, अळ्या असलेला मासा खाल्ला तर माणसाला काही होतं का?

नाही. ही अळी माशाच्या कल्ल्यांवर आणि परांवर जगते, माणसाच्या शरीरात ती वाढत नाही. कल्ले तर आपण साफ करतानाच फेकतो. निश्चिंत खा. फक्त लहान मासे सोडून द्या.

प्रश्न: आमच्या भागात मोत्यांच्या शेतीचं प्रशिक्षण घेऊन आलेले लोक आहेत. त्यानं शिंपले वाढतील ना?

भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं १९८७ पासून या तंत्रावर काम केलं आहे. लॅमेलिडेन्सच्या दोन जाती आणि पॅरेसियाची एक, अशा आपल्याच शिंपल्यांवर. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं आपण ऐकत आलो. इथे थेंबाऐवजी शस्त्रक्रिया करून आत मणी ठेवतात. तंत्र खरं आहे. पण ते मोती वाढवण्याचं तंत्र आहे, शिंपले वाढवण्याचं नव्हे. शिंपले बहुतेक वेळा नदी-तलावांतूनच गोळा करून आणतात, तेही मोठे, आठ-दहा सेंटिमीटरचे, म्हणजे वीण करणारे. शस्त्रक्रियेत काही मरतात, आणि मोती काढताना बाकीचेही बहुधा जातात. शेततळ्यात योग्य मासा नसेल तर तिथे नवे शिंपले होणार नाहीत. कुणी हा व्यवसाय करत असेल तर माझं एवढंच सांगणं आहे: एका डोहातून सगळे मोठे शिंपले उचलू नका, आणि तळ्यात नदीतले मासे ठेवून पिल्लं होतात का ते पाहा.

प्रश्न: मासा हे सगळं करतो, त्याला काय मिळतं? हा अन्याय नाही का?

पाणी स्वच्छ राहतं, शिंपल्यांच्या वस्तीत माशाला खायला लागणारे किडे वाढतात, असं काही प्रमाणात सांगता येईल. पण ते मोबदला म्हणून मिळत नाही. ज्या माशानं अळ्या वाहिल्या त्यालाच ते मिळेल असंही नाही. न्याय-अन्याय हे शब्द करार करणाऱ्यांमध्ये लागू होतात. मासा आणि शिंपला यांच्यात करार नाही. करार करण्याची आणि मोडण्याची शक्ती या नदीवर एकाच प्राण्याकडे आहे, आणि तो इथे खुर्च्यांवर बसला आहे. म्हणून तुमचा प्रश्न माशाला विचारण्यापेक्षा आपल्याला विचारावा.

प्रश्न: आमच्या गावात एकच बंधारा आहे. आम्ही एकट्यानं काय फरक पडणार?

मासा नदीनं चढतो तेव्हा त्याला सगळे बंधारे उघडे लागतात. अकरातले दहा उघडे आणि एक बंद, तर त्या एकाच्या वर तो जाणार नाही. तेव्हा एकाच बंधाऱ्यानं फरक पडतो. तुमचा बंधारा कोल्हापुरी असेल तर त्याचे बरगे, म्हणजे त्या लोखंडी पाट्या, पावसाळ्याआधी काढायच्या आणि पावसाळा सरताना बसवायच्या, असाच नियम आहे. ठिकठिकाणी पाट्या चोरीला जातात नाहीतर गंजून अडकतात, आणि मग अर्ध्या तशाच राहतात. मृगाआधी त्या सगळ्या निघाल्या का, हे ग्रामपंचायतीत विचारा. यासाठी वेगळा पैसा लागत नाही आणि हरभऱ्याचं पाणीही कमी होत नाही. दुसरं, गावाच्या हद्दीत एक डोह ठरवा, ज्यात उन्हाळ्यात मोटार लागणार नाही आणि ज्यातून रेती निघणार नाही. तिसरं, ती वही. यंदाच्या वैशाखात पहिल्यांदा रेती चाळा, आकडे लिहा, आणि पुढच्या वैशाखात त्याच जागी पुन्हा. दोन वर्षांचे आकडे हाती आले की आपण पुन्हा बसू.